आजीचं हॉटेल, आजीची वही: वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. आयुष्यभर हॉटेल चालवलेल्या आजीची आठवण कशी जपायची, असा तो विषय. अशा आजीचं निम्मं आयुष्य घरच्यांनी पाहिलेलंच नसतं. ते गल्ल्यावर, भटारखान्यात, कामगारांच्या आणि गिऱ्हाइकांच्या देखत गेलेलं असतं. त्यामुळे घरातल्या आठवणींवर भागत नाही, बाहेर जाऊन शोधावं लागतं. शोधताना वजन, वेळ, तारीख यांचा कंटाळा करू नका. ज्या बाईने रोज तराजू हाताळला, तिच्याबद्दल मोघम लिहिणं तिच्यावर अन्याय करणारं आहे.

प्रश्न: आजीच्या स्मृतिसभेत मला पाच मिनिटं बोलायचं आहे. लिहायला बसलं की ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘सगळ्यांची अन्नपूर्णा’ एवढंच सुचतं. वेगळं काय बोलू?

ती तीन विशेषणं आधी कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न टाका: हे कशावरून? ‘कष्टाळू’ कशावरून? पहाटे किती वाजता कुलूप उघडायच्या, पहिलं गिऱ्हाईक किती वाजता यायचं, मधल्या वेळात त्या एकट्याने काय काय उरकायच्या? ‘प्रेमळ’ कशावरून? ज्याच्याकडे पैसे नसायचे त्याला काय वाढलं जायचं, आणि ते उधारीच्या वहीत लिहिलं जायचं की नाही? उत्तर सापडलं की विशेषण खोडा आणि उत्तर ठेवा. प्रत्येक वाक्याला ही कसोटी लावा: हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या आजीबद्दल जसंच्या तसं म्हणता येईल का? येत असेल तर ते काढलंच पाहिजे.

सबंध आयुष्य पाच मिनिटांत बसवायला जाऊ नका. जन्म, लग्न, मुलं, हॉटेल, आजारपण अशी यादी झाली की ऐकणाऱ्याच्या मनात काही उरत नाही. त्यापेक्षा हॉटेलातला एक दिवस घ्या, उघडण्यापासून गल्ला मोजण्यापर्यंत. त्या एका दिवसात स्वभाव, हिशेब, राग, माया सगळं आपोआप येतं. दिवस आठवेना, तर कागदावर हॉटेलचा नकाशा काढा. १:५० प्रमाण सोयीचं असतं, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर हा जागेवरचा अर्धा मीटर. ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद जागा १२ बाय ८ सेंटिमीटरमध्ये मावते. त्यात शेगड्या, मोरी, पाण्याची टाकी, गल्ला, टेबलं, मागचं दार दाखवा आणि आजी कुठे उभ्या असायच्या तिथे खूण करा. त्या खुणेवरून त्यांना काय दिसायचं, हे पाहा. दार दिसायचं का? ताटं परत येताना दिसायची का? पुष्कळ मालकिणी परत आलेल्या ताटांत काय उरलंय ते पाहूनच त्या दिवशीचा स्वयंपाक कसा झाला हे ओळखतात. तुमच्या आजीही तसं करत असतील, तर भाषणाचा गाभा तिथेच मिळाला.

आता लांबी. शांतपणे वाचलं तर मराठीत मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. अशा प्रसंगी आवाज अडतो, थांबावं लागतं, म्हणून पाच मिनिटांसाठी ४५० शब्दांच्या पुढे जाऊ नका. घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं आणि तिथेच अंदाज चुकतो. कागदाच्या एकाच बाजूला, १६ ते १८ पॉइंटच्या अक्षरात, दीडपट ओळींच्या अंतराने छापा. पानांना क्रमांक द्या आणि पान वाक्याच्या मध्ये संपू देऊ नका. सगळ्यात जड वाटणारं वाक्य शेवटच्या मिनिटात नको, मधे ठेवा. त्यानंतर एखादी हलकी, कामाची गोष्ट आली की आवाज सावरतो. आणि दुसरी प्रत कुणाच्या तरी हातात देऊन ठेवा. तुम्हांला पुढे वाचवेना, तर त्यांनी उठून त्याच ओळीपासून वाचावं. यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: आजीची पाककृतींची वही मिळाली आहे. सगळी मापं ५०-६० माणसांची, तीही ‘२ डबे’, ‘१ पळी’, ‘मूठभर’ अशी. दहाने भागून घरी करून पाहिलं, पण ती चव येत नाही. वहीत काही लपवलंय का?

लपवलेलं काही नसावं. चूक सरळ भागाकारात आहे.

आधी मापांकडे पाहू. आजींचा डबा किंवा पळी अजून घरात असेल तर काम सोपं आहे. भांडं रिकामं तोला, मग काठोकाठ पाणी भरून तोला. वाढलेले ग्रॅम म्हणजेच तेवढे मिलिलिटर. मग त्याच भांड्यात तो जिन्नस भरून तोला, एकदा सपाट आणि एकदा शीग लावून. हे टाळू नका, कारण एकाच मापात पीठ कसं भरलं यावर मोठा फरक पडतो. २४० मिलिलिटरच्या वाटीत चाळून हलकं टाकलेलं पीठ १२० ग्रॅमच्या आसपास भरतं, दाबून भरलं तर १५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त. ‘मूठभर’ आणि ‘चिमूटभर’ यांसाठी आजींच्या हाताखाली काम केलेलं माणूस शोधा. त्यांना वजनकाट्यावर ठेवलेल्या ताटलीत पाच वेळा मूठ सोडायला सांगा आणि सरासरी काढा. आपली मूठ धरू नका, हात वेगळा असतो. मसाल्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल. स्वयंपाकघरातला नेहमीचा १ ग्रॅमचा काटा एवढ्या थोड्या वजनाला भरवशाचा नाही.

भांडंच हरवलं असेल तर उलट्या बाजूने हिशेब करा. समजा, गव्हाचं पीठ मळायचं आहे. त्यात पाणी पिठाच्या वजनाच्या साधारण ५५ ते ७० टक्के लागतं. वहीत १० किलो पिठाला ‘४ पळ्या पाणी’ असेल, तर चार पळ्या म्हणजे साडेपाच ते सात लिटर, म्हणजे एक पळी जवळपास दीड लिटरची. एका पदार्थातून पळीचं माप निघालं की ते वहीभर लावता येतं. बेकरीतले लोक पीठ १०० धरून बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत लिहितात. वही नव्याने उतरवताना तीच रीत वापरा, मग २ माणसं असोत की २००, आकडे बदलत नाहीत.

आता आटण्याचा प्रश्न, आणि चव बहुतेक इथेच निसटते. पातेलं त्याच घाटाचं ठेवून दहापट लहान घेतलं, तरी त्याचं तोंड दहापट लहान होत नाही, साधारण साडेचारपटच लहान होतं. वाफ तोंडातून जाते. म्हणून उघड्या पातेल्यात तेवढाच वेळ उकळलं तर घरच्या भांड्यातलं पाणी दर लिटरमागे दुपटीहून जास्त उडतं. वहीत ‘१ तास उकळणे’ लिहिलंय म्हणून तासभर उकळलंत, तर पदार्थ घट्ट आणि खारट होणार. वेळ आधी संपवलात, तर मसाला उतरलेलाच नसणार. यातून सुटायचं तर घड्याळ सोडून वजन धरा. आजींच्या पद्धतीत एक तृतीयांश आटत असेल आणि तुमचं रिकामं पातेलं १.२ किलोचं, आतला ऐवज ३ किलोचा असेल, तर सुरुवातीला काटा ४.२ दाखवेल. तो ३.२ वर आला की झालं. वहीतली वेळ भरण्याआधीच आटायला लागलं तर अर्धवट झाकण ठेवा, म्हणजे पूर्ण वेळ मिळेल.

परतण्यातही असंच फसायला होतं. मोठ्या कढईत १० किलो कांदा एकावर एक चढलेला असतो. आधी तो स्वतःच्या पाण्यात शिजतो आणि पाणी उडाल्यावर मग रंग धरतो. घरच्या पातळ भांड्यात अर्धा किलो कांदा कडेने लगेच तांबूस होतो आणि आतून कच्चा राहतो. म्हणून सुरुवातीला चिमूटभर मीठ घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर १० ते १५ मिनिटं घामू द्या आणि मग झाकण काढा. तेलाचा हिशेब वजनाने चालत नाही, कारण ते भांड्याचा तळ झाकण्यापुरतं लागतं. घरी ते प्रमाणाने थोडं जास्त लागेल, त्याला हरकत नाही.

मीठ मात्र टक्क्याने बरोबर बसतं, फक्त ते आटल्यानंतरच्या वजनावर धरा. समजा, वहीत ४० किलो तयार ऐवजाला ४५० ग्रॅम आहे, म्हणजे साधारण १.१२ टक्के. तुमचा ३ किलोचा ऐवज आटून २ किलो उरतो, त्याला साधारण २२ ग्रॅम. चमच्याने मोजलंत तर पुन्हा फसाल. बारीक मिठाचा ५ मिलिलिटरचा चमचा साधारण ६ ग्रॅमचा असतो, जाड मीठ त्याच चमच्यात कमी भरतं. तिखट आणि वाटलेला मसाला हिशेबाने येईल तेवढा काढा, पण चौथा हिस्सा बाजूला राखा आणि शेवटी चाखून घाला.

पीठ आंबवायचं असेल तर लक्षात ठेवा, मोठा गोळा किंवा मोठा पिंप स्वतःची ऊब धरून ठेवतो, लहान भांडं लवकर गार पडतं. वहीतले ८ तास घरी १० किंवा १२ होऊ शकतात. वेळ पाहू नका, फुगवटा पाहा.

एवढं करूनही थोडा फरक राहिला तर एक गोष्ट तपासा: आजी तो पदार्थ उतरवल्यावर लगेच वाढायच्या का? ४० लिटरचं पातेलं आचेवरून उतरवल्यावरही कितीतरी वेळ गरम राहतं आणि आत शिजणं चालूच असतं. घरचं तीन लिटरचं लवकर निवतं. अशा पदार्थाला उतरवल्यावर जाड कापडात गुंडाळून पाऊण तास झाकून ठेवा. पण उरलेलं मुरू द्यायचं म्हणून तसंच बाहेर ठेवू नका. शिजलेलं अन्न २ तासांत २१ अंश सेल्सिअसच्या खाली आणि त्यापुढच्या ४ तासांत ५ अंशांच्या खाली गेलं पाहिजे. उथळ ताटांत पसरलं तर ते लवकर निवतं.

आणि वही उतरवताना आजींचे शब्द पुसू नका. डाव्या पानावर त्यांचं जसंच्या तसं, ‘१ पळी’सकट, आणि उजव्या पानावर तुमचे ग्रॅम.

प्रश्न: हीच वही तेलकट झाली आहे, काही पानं चिकटली आहेत, शाई फिकी पडली आहे. लॅमिनेट करून घेऊ का?

नको. लॅमिनेशनची उष्णता आणि चिकटद्रव्य कागदात कायमचं जातं, पुन्हा सोडवता येत नाही.

पहिलं काम फोटो काढण्याचं. वही पूर्ण सपाट करायचा हट्ट धरू नका, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना घडी घातलेले पंचे ठेवून ती तिच्या कलाने जेवढी उघडेल तेवढीच उघडा. खिडकीच्या अप्रत्यक्ष उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, वरून सरळ फोटो घ्या. कोरी पानं आणि मलपृष्ठसुद्धा सोडू नका. हिशेबाचे आकडे बहुधा तिथेच सापडतात. पिवळट-तपकिरी झालेली शाई वाचता येत नसेल तर फोटो संपादनाच्या ॲपमध्ये लाल, हिरवा, निळा असे रंगपट वेगळे करून फक्त निळा पाहा. पिवळा रंग निळा उजेड शोषतो, म्हणून तिथे अक्षर गडद दिसतं. पेन्सिलीने किंवा बॉलपेनने दाबून लिहिलेलं पुसलं गेलं असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च पानाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. दाबाच्या खाचा सावलीत उठून दिसतात.

तेलाचे डाग पाण्याने किंवा स्पिरिटने पुसू नका, शाई पसरते. पानांमध्ये टीपकागद ठेवा आणि दर काही दिवसांनी बदला. चिकटलेली पानं चाकूने उचकटू नका. कडेने प्लॅस्टिकची पातळ, बोथट पट्टी हलक्या हाताने सरकवा. अडली की थांबा आणि ते काम कागद-संवर्धनातल्या माणसाकडे द्या. कसर किंवा झुरळांची अंडी दिसली तर वही पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये एक आठवडा ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा एवढा थंड होत नसतो, आधी थर्मामीटर ठेवून पाहा.

प्रश्न: शेवटच्या काही वर्षांची छापील बिलं एका डब्यात आहेत. ती पांढरी पडत चालली आहेत.

ती थर्मल कागदाची बिलं आहेत. त्यांत शाई नसते, उष्णतेने रंग बदलणारा लेप असतो, आणि गेलेली अक्षरं सहसा परत येत नाहीत. आजच स्कॅन करा. तोवर प्लॅस्टिकच्या पाकिटात, चिकटपट्टीखाली किंवा उन्हात ठेवू नका. इस्त्री किंवा लॅमिनेशन केलंत तर अख्खा कागद काळा होईल.

प्रश्न: आजीच्या हाताखाली काम केलेले दोन आचारी आणि एक जुना वाढपी हयात आहेत. त्यांना भेटायचं आहे. काय विचारू, कसं रेकॉर्ड करू?

भेटायला उशीर करू नका, हे आधी. आणि ‘आमची आजी कशी होती?’ असं विचारू नका. त्याला ‘देवमाणूस होत्या’ हे एकच उत्तर येतं, आणि नातवंडासमोर माणूस दुसरं काय बोलणार?

कामाबद्दल विचारा. पहिल्या दिवशी त्यांनी तुम्हांला कोणतं काम दिलं? ते बरोबर झालं की नाही हे त्या कशावरून ओळखायच्या? ऐन गर्दीत पदार्थ करपला तर काय व्हायचं? माल कोण आणायचं, परत कधी पाठवला जायचा? पगार कुठल्या दिवशी, कुणाच्या हातून? कामगारांनी जेवायचं केव्हा, आधी की शेवटी? कुणाला कामावरून काढलं होतं का, आणि का? शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण आजींचा न्याय कळतो तो तिथेच. तो पहिल्या भेटीत नको, दुसऱ्या भेटीत विचारा. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहापर्यंत मोजा. खरी गोष्ट पुष्कळदा त्या शांततेनंतर येते.

ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं केंद्र उभं केलं. तेव्हापासून या क्षेत्रात मुरलेला एक शिरस्ता तुम्हीही पाळा: रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं आणि संमती मोठ्याने बोलून घ्यायची. हे फक्त घरच्यांसाठी आहे की छापणार आहात, तेही तिथेच सांगा. त्यांनी ‘हे बंद करा’ म्हटलं की खरोखर बंद करा.

फोन पुरेसा आहे. विमान मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. पंखा आणि फ्रिज बंद ठेवता आला तर पाहा, कारण त्यांची घरघर नंतर नीट काढता येत नाही. ॲपमध्ये सोय असेल तर वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट निवडा. मोनोमध्ये, म्हणजे आवाजाच्या एकाच पट्टीवर, तासाला साधारण ५२० मेगाबाइट जागा लागते. एका बैठकीला ४० ते ६० मिनिटं पुरेत. नंतर शब्दशः उतरवून काढायला एका तासाच्या बोलण्यामागे ४ ते ६ तास जातात. तेवढा वेळ नसेल तर दर ५ मिनिटांना काय विषय निघाला एवढी नोंद तरी करा. नाहीतर फाइल जपली जाते, पण पुन्हा कुणी ऐकत नाही.

आचाऱ्यांना शक्य असेल तर शेगडीपाशी उभं करा. बसून ‘थोडं परतायचं’ म्हणणारा माणूस हातात झारा आला की ‘नाही, एवढ्यावर थांबायचं’ असं बोट दाखवून सांगतो.

प्रश्न: हॉटेल कधी सुरू झालं यावरून काका आणि आत्या यांच्यात चार वर्षांचा फरक पडतो. दोघंही ठाम आहेत. कुणाचं लिहू?

कुणाचंच नको, आधी कागद शोधा. त्या काळी, त्याच कारणासाठी तयार झालेला कागद नंतरच्या आठवणीपेक्षा वरचढ. भाडेकरार, परवाना, वीजजोडणीची पावती, पहिल्या कर्जाचा हप्ता, उद्‌घाटनाची पत्रिका, वर्तमानपत्रातली जाहिरात. जुनं मेनूकार्ड असेल तर त्यावरच्या फोन नंबरात किती आकडे आहेत ते पाहा. तुमच्या गावात नंबराचे आकडे केव्हा वाढले हे जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांवरून कळतं आणि कार्ड त्याच्या आधीचं की नंतरचं हे ठरतं. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तोही पाहा.

कागद मिळेना, तर दोघांना वर्ष विचारू नका, क्रम विचारा. हॉटेल सुरू झालं तेव्हा धाकट्याचा जन्म झाला होता का? आत्या कितवीत होत्या? घर बदललं ते आधी की नंतर? माणसाला साल नीट आठवत नाही, क्रम पुष्कळ बरा आठवतो. एवढं करूनही जमलं नाही, तर ‘१९७२ ते १९७६ च्या दरम्यान’ असं लिहा आणि दोघांचं म्हणणं त्यांच्या नावाने द्या. खोट्या नेमकेपणापेक्षा हे चांगलं.

काका आणि आत्या दोघंही खरं बोलत असण्याचीही एक शक्यता आहे: एकाने घरातून डबे देणं सुरू झालेलं धरलं असेल आणि दुसऱ्याने गाळा घेतलेला.

प्रश्न: हॉटेल कर्जामुळे बंद पडलं. स्मरणिकेत हे घालावं का? घरात दोन तट आहेत.

घालावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते गाळलं तर वाचणाऱ्याला हॉटेल अचानक नाहीसं झाल्यासारखं वाटतं, आणि आजींनी ते मिटवताना जे केलं तेही गाळलं जातं. कामगारांचे पगार चुकते केले का, माल देणाऱ्यांचे पैसे कसे फेडले, भांडी कुणाला दिली. एक परिच्छेद पुरे. कागदावर आहे तेवढंच लिहा, कर्ज देणाऱ्याचं किंवा भागीदाराचं नाव नको, आणि ‘फसवलं’, ‘बुडवलं’ असे शब्द नकोत. कारणही एकच देऊ नका. बहुतेक हॉटेलं भाडं, आजारपण, पुढे कुणी नसणं अशा तीन-चार गोष्टी एकत्र येऊन बंद होतात. छापण्याआधी तो परिच्छेद आजींच्या मुलांना वाचून दाखवा.

प्रश्न: अल्बममधले फोटो चिकटून बसले आहेत.

चिकट पानांवर पातळ प्लॅस्टिक असलेल्या अल्बमचा गोंद फोटो खातो, तेव्हा बाहेर काढणं बरोबरच आहे. मेण नसलेला दातांचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. फोटो वाकवून ओढू नका. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र सोडवायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करा. छोट्या प्रिंट ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचामागे ६०० ठिपके धरून, स्कॅन करा. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटचे त्यातून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, स्मरणिकेच्या पूर्ण पानाला ते पुरतात. निगेटिव्ह असेल तर ३००० ते ४००० डीपीआय. मूळ स्कॅन टिफ या मोठ्या, तपशील न गाळणाऱ्या फाइलमध्ये ठेवा, वाटायला जेपेग ही लहान फाइल. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात.

फोटोतल्या माणसांची नावं वयस्कर नातलगांना विचारून या महिन्यातच लिहा. मागे बॉलपेनने नको, समोर वळ उठतात. पाकिटावर लिहा.

प्रश्न: आजीच्या हॉटेलातला मोठा लोखंडी तवा गंजला आहे. वापरात आणू की शोभेला ठेवू?

तडा नसेल तर वापरात आणा. बोटाच्या पेराने टकटक करा. अखंड लोखंड घणघणतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. गंज काढायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तवा बुडवा. दर १० मिनिटांनी पाहा आणि तासाच्या वर ठेवूच नका, गंज संपला की आम्ल लोखंडच खायला लागतं. घासून, धुऊन, लगेच मंद आचेवर कोरडा करा. मग तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुसून टाका, जणू चुकून लागलंय इतका पातळ थर उरला पाहिजे. ओव्हनमध्ये मावत असेल तर पालथा घालून २३० अंशांवर एक तास, नाहीतर शेगडीवर धूर थांबेपर्यंत. असं चार-पाच वेळा. थर जाड राहिला की तवा चिकट होतो, बहुतेकांचं तिथेच बिघडतं. कडेचा जुना काळा घट्ट थर गंजलेला नसेल तर खरवडू नका. तो आजींच्या हाताखालीच बसलेला आहे.

प्रश्न: आजी हयात आहे, पण विसरू लागली आहे. काल काय झालं ते आठवत नाही, आम्हांला कधी कधी ओळखत नाही. हॉटेलबद्दल तिला विचारणं योग्य आहे का?

योग्य आहे, फक्त परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. ‘मी कोण, ओळख’ किंवा ‘हॉटेल कुठे होतं सांग’ असले प्रश्न टाळा. उत्तर आलं नाही की त्या ओशाळतात आणि गप्प होतात. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी पुष्कळांच्या बाबतीत सर्वांत जास्त टिकून असतात. म्हणून हॉटेल भरभराटीला आलं त्या काळापेक्षा ते सुरू होण्याच्या आधीचा, स्वयंपाक शिकण्याचा काळ आधी काढा. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये असं मांडलं की म्हातारपणी मागचं आयुष्य उलगडून पाहणं ही नैसर्गिक आणि गरजेची गोष्ट आहे. तेव्हा जुन्या गोष्टी काढल्याने आजींना त्रासच होईल असं धरून चालू नका. चेहऱ्यावर त्रास दिसला तर मात्र विषय बदला.

सकाळची, त्यांना तरतरी असलेली वेळ निवडा. एका वेळी १५ ते २० मिनिटं, समोर एकच माणूस. शब्दांऐवजी वस्तू हातात द्या: त्यांची पळी, गल्ल्याची किल्ली, मळलेला पिठाचा गोळा. तो गोळा हातात आला की बोटं आपोआप चालतात आणि बोटांमागून कधी कधी बोलणं येतं. एखादी गोष्ट त्यांनी कालच्यापेक्षा वेगळी सांगितली तर दुरुस्त करू नका, दोन्ही जपा. नावात चूक केली तर त्याच नावाने पुढे बोला. आणि रेकॉर्डिंग वस्तू हातात देण्याआधीच सुरू करा, त्यांनी ती खाली ठेवल्यावरही पाच मिनिटं चालू राहू द्या.